मण्यार चावली तर दुखत का नाही? विंचू चावला की घाम का फुटतो? समजून घ्या आपल्या नसांचं काम

पोफळी (ता. चिपळूण) : पावसाळा आला की आपल्याकडं रात्री दोन गोष्टींची धास्ती असते, लाल विंचू आणि मण्यार. विंचू चावला तर माणूस ओरडतो, वाडी गोळा होते, कुणीतरी गाडी काढतो. मण्यार चावली तर बऱ्याचदा कुणाला कळतही नाही. माणूस पहाटे उठतो, म्हणतो पोटात कळ येतेय, पापण्या जड झाल्यात, थुंकी गिळवत नाही. घरातली माणसं म्हणतात, झोप झाली नसेल, पड जरा. त्या 'पड जरा'मध्ये दोन तास जातात.

दोन्ही विषं शेवटी एकाच यंत्रणेवर घाव घालतात, आपल्या नसांवर. तरी एकात आग होते, घाम फुटतो, आणि दुसऱ्यात काही न दुखता श्वास बंद पडतो. औषधंही दोन्हीची वेगळी. असं का, ते कळायला नस काम कशी करते ते बघावं लागतं. हा विषय शाळेत 'चेतासंस्था' म्हणून एका धड्यात होता, पण तो परीक्षेपुरता. इथं तो जिवाशी आहे.

नस म्हणजे नेमकी कुठली?

आधी एक घोळ मिटवू. आपण 'नस' हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतो. सलाईन लावताना नर्स म्हणते 'नस सापडत नाही', ती रक्ताची शीर. आणि कंबर धरल्यावर आपण म्हणतो 'नस दबली', तो मज्जातंतू. पहिलीतून रक्त वाहतं, दुसऱ्यातून निरोप जातो. या लेखात नस म्हणजे दुसरी, निरोपाची.

ही नस म्हणजे एक दोरी समजा. दोरीत जसे बारीक धागे असतात तसे तिच्यात हजारो तंतू असतात आणि प्रत्येक तंतू म्हणजे एका चेतापेशीची लांब शेपटी. पेशी म्हटलं की आपल्याला वाटतं डोळ्यांना न दिसणारा ठिपका. पण पायाचा अंगठा हलवणाऱ्या चेतापेशीचं डोकं पाठीच्या कण्यात असतं आणि तिची शेपटी थेट पावलापर्यंत उतरते, म्हणजे जवळजवळ मीटरभर. एकट्या मेंदूत अशा चेतापेशी सुमारे ८६०० कोटी आहेत.

निरोप दोन्हीकडून चालतो. काही तंतू कातडी, डोळे, पोट इथली खबर वर नेतात, काही वरचा हुकूम स्नायूंना पोचवतात. सगळं मेंदूपर्यंत जातंच असंही नाही. तापलेल्या तव्याला बोट लागलं की हात आधी मागं येतो, 'भाजलं' हे नंतर कळतं. तो निर्णय पाठीच्या कण्यातच झालेला असतो.

तारेसारखी आहे, पण तार नाही

आमच्या पोफळीत ही पुढची गोष्ट सांगायला सोपी आहे. डोंगरापलीकडं शिवसागरात कोयनेचं पाणी साठवलंय, ते बोगद्यातून इथल्या जमिनीखालच्या पॉवर हाऊसमध्ये पडतं आणि वीज होते. पाणी वर धरून ठेवलं की ताकद साठते आणि दरवाजा उघडला की ती सुटते, हे इथल्या पोरासोरांनाही सांगावं लागत नाही.

चेतापेशी हेच करते, फक्त पाण्याऐवजी मिठानं. जेवणातल्या मिठात सोडियम असतं. पेशी हे सोडियम सतत बाहेर उपसत असते आणि पोटॅशियम आत ओढत असते. पेशीच्या पातळ पडद्यात बसवलेले पंप दर खेपेला तीन कण सोडियम बाहेर टाकतात आणि दोन कण पोटॅशियम आत घेतात. त्यामुळं पडद्याच्या बाहेर सोडियमची गर्दी होते आणि आतल्या बाजूला ऋण भार राहतो. हा फरक असतो एका व्होल्टच्या हजार भागांपैकी साधारण सत्तर भाग, म्हणजे बॅटरीच्या एका सेलच्या विसाव्या हिश्शाएवढा. पण हा उपसा अखंड चालतो. मेंदूचं वजन शरीराच्या पन्नासाव्या हिश्शाएवढं, तरी तो शरीराच्या एकूण ऊर्जेतला पाचवा हिस्सा खातो, आणि त्यातला मोठा भाग या पंपांवरच खर्च होतो.

त्याच पडद्यात सोडियमसाठी बारीक दरवाजेही असतात. ते एरवी बंद. निरोप निघाला की पहिला दरवाजा उघडतो, बाहेरचं सोडियम आत घुसतं आणि तेवढ्या जागेचा भार उलटा होतो. तो झटका शेजारच्या दरवाजाला लागतो, तो उघडतो. मग त्याच्या पुढचा. आणि पहिला? तो उघडल्यावर हजाराव्या भागाएवढ्या सेकंदात आपोआप लागतो. पोटॅशियमचे दरवाजे उघडून आतला भार पुन्हा जाग्यावर येतो आणि ती जागा नव्या निरोपाला तयार होते. दरवाजा आपोआप लागतो ही गोष्ट लक्षात ठेवा, विंचवाकडं आलो की लागेल.

म्हणून नस तारेसारखी नाही. तारेत वीज एका टोकाला घातली की लांब जाताना दाब कमी होत जातो, शेवटच्या वाडीतला बल्ब मिणमिणतो. नसेत तसं होत नाही. पूर्वी एका वाडीतून दुसऱ्या वाडीत हाळी द्यायचे, तिथला माणूस ती ऐकून पुढच्या वाडीला नव्या दमानं हाळी द्यायचा, तसं हे आहे. आवाज वाटेत विरत नाही. हाळी दिली जाते किंवा दिली जात नाही, अर्धी हाळी नसते. मग जोराचं दुखणं आणि बारीक दुखणं कळतं कसं? तर एका सेकंदात किती हाळ्या आल्या आणि किती तंतूंतून आल्या त्यावरून.

हे सगळं शोधलं गेलं ते म्हाकुळावर. म्हाकूळ म्हणजे आपल्या मासळी बाजारात मिळतं तेच, तिकडच्या समुद्रातलं. माणसाचा जाडात जाड तंतू मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा, पण म्हाकुळाच्या अंगात एक तंतू अर्धा ते एक मिलिमीटर जाड असतो. त्यात बारीक तार घालून भार मोजता येतो. इंग्लंडमधल्या हॉजकिन आणि हक्सले या दोघांनी ते मोजलं, १९५२ साली पूर्ण हिशेब छापला आणि १९६३ साली त्यांना नोबेल मिळालं. म्हाकूळ साफ करताना कधी हा विचार डोक्यात येत नाही, ते सोडा.

वेगाचं एक सांगतो, कारण ते रोज अनुभवाला येतं. चरबीचं वेष्टण असलेला जाड तंतू सेकंदाला शंभर मीटरपर्यंत निरोप नेतो. वेष्टण नसलेला बारीक तंतू सेकंदाला मीटरभरच. पायाला ठेच लागली की आधी एकदम चर्र होतं आणि सेकंद-दीड सेकंदानं ठणका सुरू होतो, तो मागून येणारा ठणका या बारीक तंतूंचा. कुष्ठरोगाचे जंतू हे वेष्टण घालणाऱ्या पेशींतच घर करतात, म्हणून अंगावरचा चट्टा सुन्न पडतो. तसा चट्टा दिसला तर सरकारी दवाखान्यात दाखवा, उपचार फुकट आहेत.

लाल विंचू : दरवाजाला पाचर

आता विंचू. आपल्याकडं मोठी काळी इंगळी दिसली की माणसं घाबरतात, पण जीव घेतो तो बहुधा लहान तांबडा विंचू. त्याच्या विषातले घटक सोडियमच्या दरवाजाला जाऊन चिकटतात आणि तो लागू देत नाहीत. दाराला पाचर मारावी तसं. मग एक हाळी द्यायची तिथं नस ओरडतच सुटते.

ज्या नसा आपल्या हुकमाबाहेर चालतात, म्हणजे घाम, लाळ, आतडी, हृदय, रक्तवाहिन्यांचं आकुंचन सांभाळणाऱ्या, त्या सगळ्या एकदम पेटतात. अंगाला दरदरून घाम, तोंडाला लाळ, उलट्या, हातपाय बर्फासारखे गार. पुरुषांत आणि लहान मुलग्यांत लिंग ताठर राहतं, हेही यातलंच लक्षण आहे. लाजून डॉक्टरांपासून लपवू नका. रक्तवाहिन्या आवळल्या गेल्यानं रक्तदाब चढतो, हृदय दमतं, आणि काही तासांत फुप्फुसात पाणी भरतं. माणूस दगावतो तो या पाण्यानं.

ही साखळी जगाला नीट समजली ती आपल्या शेजारच्या महाडमुळं. चिपळूणहून खेड, कशेडी घाट उतरून पोलादपूर, की पुढं महाड. डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातले. १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात ते आले. विंचू चावलेली धडधाकट मुलं, तरुण माणसं डोळ्यांसमोर जात होती. बावस्कर रुग्णाच्या खाटेशेजारी बसून तासातासाला नाडी, रक्तदाब, घाम, हातापायाचा गारवा लिहून ठेवू लागले. १९८२ साली त्यांचं निरीक्षण 'लॅन्सेट' या नावाजलेल्या नियतकालिकात छापून आलं. मग त्यांनी विचार केला, आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल केल्या तर? रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची गोळी तेव्हा बाजारात होतीच. ती नसांच्या आरडाओरड्याला थांबवत नाही, पण तो आरडाओरडा रक्तवाहिन्यांना ऐकू जाऊ देत नाही. १९८६ साली तेही छापलं गेलं.

पूर्वी अंगात विष भिनलेल्या शंभर रुग्णांतले तीस-चाळीस जायचे, आता एखादा जातो, असे त्यांचे आकडे सांगतात. पुढं २०११ साली त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ७० रुग्ण होते. ३५ जणांना नुसती प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि विंचवाच्या विषावरची लस. दहा तासांनी लस मिळालेल्यांतले ३२ पूर्ण बरे होते, नुसत्या गोळीवाल्यांतले ८. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. माझ्या मते कोकणात त्यांचं नाव याहून जास्त घराघरांत असायला हवं.

ओळख साधी आहे. नुसती आग आणि ठणका असेल, बाकी अंग गरम, तर सहसा धोका कमी. घाम, उलटी, गार हातपाय यातलं काहीही दिसलं तर ठणका कमी असला तरी लगेच दवाखाना. गोळी घरात आणून स्वतः देऊ नका. तिनं रक्तदाब एकदम उतरतो, रुग्णाला आडवं ठेवून नजर ठेवावी लागते.

मण्यार : पऱ्याच्या काठावर घाव

विंचवानं तंतूवर घाव घातला. मण्यार घालते तो तंतू संपतो तिथं. नस स्नायूला चिकटलेली नसते. मध्ये एक फट असते, मिलिमीटरच्या वीस हजाराव्या भागाएवढी. पावसात पऱ्या मध्ये यावा आणि साकव नसावा, तसं. विजेचा निरोप या काठावर थांबतो. मग नसेच्या टोकाला साठवलेल्या पिशव्या फुटतात, त्यातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन फटीत पडतं, पलीकडच्या स्नायूवरच्या खाचांत बसतं आणि स्नायू आवळतो. काम झालं की फटीतलाच एक झाडूवाला, म्हणजे एक विकर, ते रसायन तोडून जागा साफ करतो. हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास उरकतं.

निरोप रसायनानं जातो हे ऑटो लोवी या शास्त्रज्ञानं १९२१ साली बेडकाच्या दोन हृदयांवर दाखवलं. पहिल्या हृदयाची नस छेडून ते मंद केलं, त्याच्याभोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयावर घातलं, तर तेही मंद झालं. म्हणजे पाण्यात काहीतरी उतरलं होतं.

मण्यारीचं विष या पिशव्या रिकाम्या करतं आणि नसेचं टोकच नासवतं. पाठवणाराच गेला, मग निरोप कसला. आधी लहान स्नायू थकतात, म्हणून पापण्या पडतात, एकाचे दोन दिसतात, जीभ जड होते, गिळवत नाही. मग मान टाकली जाते. शेवटी छातीचे स्नायू आणि श्वासाचा पडदा. दुखत नाही कारण दात बारीक, सूज जवळजवळ नाही आणि जागाही फारशी बिघडत नाही. मण्यार रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, खूण शोधून सापडत नाही.

नागाच्या विषाची रीत वेगळी. ते पाठवणाऱ्याला हात लावत नाही, पलीकडच्या खाचांत जाऊन बसतं, म्हणजे निरोप येतो पण घ्यायला जागा नाही. शिवाय नाग चावल्या जागी दुखतं, सुजतं.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. मण्यार चावलेला माणूस हलत नाही, डोळे उघडत नाही, बुबुळं प्रकाशाला दाद देत नाहीत. बघणाऱ्याला वाटतं संपलं. पण विष मेंदूत गेलेलं नसतं. माणूस आतून जागा असू शकतो, खाटेभोवतीचं रडणं त्याला ऐकू येत असतं. त्याचा फक्त श्वास चालवून द्यायचा असतो, वाटेत हातानं दाबायच्या पिशवीनं आणि रुग्णालयात व्हेंटिलेटरनं. नासलेली टोकं नव्यानं उगवतात, त्याला काही दिवस, कधी आठवडे लागतात. तोवर यंत्रावर ठेवलेला माणूस स्वतःच्या पायांनी घरी येतो. 'आता काही उपयोग नाही' म्हणून रुग्ण परत आणण्याची घाई करू नका.

सापाची लस मात्र लवकर मिळायला हवी. ती फिरणाऱ्या विषाला धरते, नासलेलं टोक ती जोडून देत नाही. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते, ती घोड्यांच्या रक्तापासून करतात. साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवायची गरज नाही.

भगताकडं नेलं आणि बरा झाला, असं सांगणारे प्रत्येक गावात भेटतात. ते खोटं बोलत नाहीत. बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. असे लोक कशानंही बरे होतात, न नेताही झाले असते. पण २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सापानं सुमारे १२ लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, वर्षाला ५८ हजारांच्या आसपास. त्यातले बरेच घरात किंवा वाटेत गेले.

कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. हाताला-पायाला फळी बांधून तो हलू देऊ नका, अंगठ्या-कडी काढा, १०८ ला फोन करा. उलटी होत असेल, गिळता येत नसेल तर कुशीवर झोपवा, पाणीही पाजू नका. पावसाळ्यात पहाटे कारण नसताना पोटात कळ आणि जड पापण्या दिसल्या तर खूण नसली तरी मण्यार समजूनच न्या आणि निदान २४ तास देखरेखीखाली राहू द्या. पापणी पहिल्यांदा कधी पडली ती वेळ लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा. आणि झोपताना खाट नसेल तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून घ्या, मण्यारीला एवढा अडसरही पुरतो.

फवारणीवाल्यांनी हे वाचाच

फटीतला तो झाडूवाला आठवतोय? नाग चावलेल्या रुग्णाला डॉक्टर निओस्टिग्मिन नावाचं इंजेक्शन देतात. ते झाडूवाल्याला थोडा वेळ थांबवतं, त्यामुळं फटीत रसायन साठतं आणि विषाला ढकलून उरलेल्या खाचा मिळवतं. मण्यारीत याचा उपयोग कमी, कारण तिथं रसायन सोडणारंच टोक गेलेलं असतं.

आंब्याच्या तुडतुड्यावर, काजूच्या ढेकण्यावर आपण मारतो त्यातली बरीच औषधं, क्लोरपायरीफॉस, डायमेथोएट, प्रोफेनोफॉस, आणि पूर्वी मारायचो ते मोनोक्रोटोफॉस, हेच करतात. फरक एवढाच की ती झाडूवाल्याला थांबवत नाहीत, कायमचा बसवतात. किड्याच्या नसेत आणि आपल्या नसेत ती फट एकाच तऱ्हेची आहे. रसायन तुंबतं, स्नायू फडफडतात, मग थकतात. घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, जुलाब, बुबुळ टाचणीच्या टोकाएवढं, आणि श्वास अडतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले, शेकडो रुग्णालयात पडले. त्यात या जातीची औषधंही होती.

ही औषधं कातडीतूनही शिरतात, पंप गळून पाठ भिजली तरी पुरे. उंच कलमावर वर तोंड करून मारताना तर तुषार सगळे अंगावरच येतात. फवारताना डोळ्यांपुढं धूसर झालं, छाती आवळल्यासारखी वाटली, तोंडाला पाणी सुटलं तर पंप तिथंच उतरवा, कपडे काढा, साबणानं अंग धुवा आणि निघा. यावर ॲट्रोपिन असतं, पण डॉक्टरला कुठल्या जातीचं औषध ते कळलं तर उपचार लगेच सुरू होतात. बाटली सोबत घ्या. लेबल भिजून गेलं असेल तर दुकानाची पावती घ्या, तीही नसेल तर ज्यानं दिलं त्या दुकानदाराला फोन लावून डॉक्टरांकडं द्या.